फाट्यावरच्या दगडातला चौथा

मरायच्या दिवशी सकाळी यल्लाप्पातात्या दगड रंगवत बसला व्हता. सव्वीस जानेवारी. थंडी अशी की डब्यातला काळा रंग थिजून खरवस झालेला. त्यो त्येनं जाईबाईच्या चुलीम्होरं धरून पातळ केला आन तिच्या शिव्या खाल्ल्या.

"रंगाचा वास भाकरीला लागतोय की ओ."

"लागू दे. आज झेंड्याचा दिस हाय, जिलबी गावणार हाय."

"जिलबीनं पोट भरतंय व्हय? त्या लालासाहेबाच्या कार्यक्रमात जाऊन तुमी काय दिवं लावणार?"

"त्येनं न्हाई लावलं ते," तात्या म्हनला आन डबा, बुरूस घिऊन फाट्यावर गेला. चाळीस वरसाच्या संसारात जाईबाईला त्येचं ह्ये शेवटचं उलटं उत्तर.

दगड म्हंजी माळसवाडीच्या फाट्यावर, कोरेगावला जायच्या सडकंच्या कडंला गोऱ्या सायबाच्या काळातला पांढरा दगड हाय. कमरंएवढा. त्येच्यावर इंग्रजीत कोरलंय की ह्या गावातनं तेवीस माणसं चौदा सालच्या मोठ्या लढाईला गेली आन त्यातली चार मेली. नावं न्हाईत, निस्ता आकडा. गोरा लय हिशेबी. नावं कोरायची म्हंजी दगड मोठा लागला असता.

आन नावं न्हाईत म्हनूनच गावाची सोय झाली. चार मेले आन वारस अकरा! ज्येच्या घरात म्हशी जास्ती, त्येचा आज्जा लढाईत मेला. एकाचा पणजा तर आधी फ्रान्सात मेला व्हता, मग त्येच्या पणतवानं लढाईचा पिच्चर बघितला तवापास्नं त्यो आफ्रिकेत मराय लागला.

तात्याचं आन दगडाचं नातं असं की तात्या बांधकाम खात्यात मैलकामगार व्हता. चौतीस वरसं त्येनं सडकंचे खड्डे भरले, गटारी काढल्या आन किलोमीटरचे दगड रंगवले. डोकं पिवळं, अंग पांढरं, आकडा काळा. थेंब कवा भुईवर सांडला न्हाई. एकदा एक सायेब म्हनला, कोरेगाव आठ न्हाई, नऊ हाय. तात्यानं आठाचा नऊ केला. दुसरा सायेब आला, त्येनं परत आठ करायला लावला. तात्या सांगायचा, "कोरेगाव जागचं तसूभर हललं न्हाई गड्या. सायबंच हलत व्हती."

लढाईचा दगड त्येच्या कामात येत न्हवता. खात्याचा न्हाई, पंचायतीचा न्हाई, कुनाचाच न्हाई. तरी तात्या दरवर्षी सव्वीस जानेवारीला त्येची कोरीव अक्षरं काळी करायचा. साळा दुसरीतच सुटलेली, इंग्रजी वाचता येत न्हवतं, पर काढता येत व्हतं. अक्षरांना त्येनं आपली नावं ठिवलेली. ए म्हंजी तिवई. आर म्हंजी एक पाय पसरून बसलेली बाई. जे म्हंजी माशाचा गळ, यू म्हंजी घोड्याचा नाल, एन म्हंजी मोडकी शिडी. जाईबाईला बी ती पाठ झाली व्हती. भाकरी घिऊन फाट्यावर गेली की तात्या दाखवायचा, "ही बघ, बाई बसलीया." जाईबाई म्हनायची, "तिला काय काम न्हाई वाटतं."

आता ह्या दगडासाठी जीव टाकायचं कारण काय? तर चारातला एक तात्याच्या घरचा. अर्जुना. तात्याच्या आज्ज्याचा थोरला भाऊ. गावाबाहेरच्या वस्तीतला, गावच्या हिरीला हात लावायची बंदी असलेला अर्जुना पलटणीत गेला आन तिकडं इराकात बसऱ्याला तापानं मेला. लढाई सपल्यावर टपालानं एक जड पुडकं आलं. आत पितळंसारखी गोल चकती. पुरीपेक्षा मोठी, भाकरीपेक्षा लहान. तिच्यावर एक बाई हुबी, हातात त्रिशूळ, पायाशी सिंह. आन कायबाय इंग्रजी.

अर्जुनाच्या आईनं इचार केला, हातात त्रिशूळ, पायाशी सिंह, म्हंजी देवीच की! पोरगं गेलं आन आई आली. तिनं चकतीला शेंदूर फासला आन देव्हाऱ्यात ठिवली. सरकारनं मेलेल्याचं नाव पाठिवलं व्हतं, हिनं त्येच्यावर रोज शेंदूर थापला. कोन सांगणार? वस्तीत वाचणारं कुनी न्हवतं, आन गावात वाचणारं वस्तीत येत न्हवतं.

म्होरं छप्पन साली समाजानं धम्म घेतला. तात्याच्या आज्ज्यानं घरातलं समदं देव पाटीत भरलं आन नदीवर नेलं. संगं सहा वरसांचा तात्या. नदीच्या काठाला वरच्या आळीतल्या केरबाचा बाप म्हसरं धूत व्हता, त्येच्यासंगं केरबा. ह्यो तात्याच्याच वयाचा.

केरबाचा बाप वरडला, "आरं, सिंहावरची आई पान्यात टाकतोस? गावावर कोप हुईल! तुमाला नगं तर आमाला द्या."

"न्या की," आज्जा म्हनला. "आमचा भार हालका झाला."

झालं! तेवढ्यावर केरबाच्या बापानं चकती धुतल्यावाणी केली, नवा शेंदूर लावला आन फाट्यावर लिंबाखाली, त्याच लढाईच्या दगडाशेजारी मांडली. तबकासारखी गोल म्हनून तबकाई. आधी छप्पर, मग भिताड, मग शिमिटचं देऊळ, मग चैतातली जत्रा. देवळाच्या दारात आता पंचायतीचा बोर्ड हाय, 'बाराव्या शतकातील स्वयंभू जागृत देवस्थान'. देऊळ चौऱ्याहत्तर सालचं. तात्यानं सोता त्येच्या पायात मुरूम टाकलाय. तात्या म्हनायचा, "मी बाराव्या शतकात बी रोजंदारीवरच व्हतो."

आन गंमत अशी, ज्या घरातनं ही आई नेली, त्या घराच्या माणसाला तिच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू देत न्हवते. तात्याला बी काय हौस न्हवती, त्यो पंचशील म्हननारा माणूस. पर मुरूम टाकायचा त्येनं आन नारळ फोडायचा दुसऱ्यानं, ह्ये त्येच्या डोक्यातनं जात न्हवतं. त्यो चावडीवर, यष्टीत, लग्नात सांगायचा, "ती आमच्या अर्जुनाची चकती हाय." लोकं हसायची. केरबा तेवढा हसत न्हवता. केरबा बापाच्या मागं पुजारी झाला व्हता. दोघं दुपारचं किलोमीटरच्या दगडावर बसून एकाच चंचीतली तमाकू खायचे, आन चकतीचा इषय निघाला की केरबा पावसापान्याचं बोलायचा.

गेल्या नवरात्रात मातर देवीनं खोळ टाकली. शेंदराचे थरावर थर चढतात ना, सत्तर वरसांचं वज्जं झालं की ते आपसूक गळून पडतं. भर दुपारी केरबानं देवळामागच्या खिडकीतनं हाक मारली.

"यल्ल्या, हिकडं ये रं. कुनाला बोलू नगंस."

तात्या खिडकीशी गेला. केरबानं चकती फडक्यात धरून दाखवली. बाईच्या हाताजवळ एक चौकट, त्यात बारीक अक्षरं. कडंनं गोल फिरून आणि अक्षरं.

"काय लिवलंय?" केरबा म्हनला.

"मला काय इचारतोस? मला काढता येतं, वाचता न्हाई."

तात्यानं रंगाच्या डब्याचं झाकण घेतलं आन चौकटीतलं, कडंचं, समदं जसंच्या तसं त्येच्यावर उतरवलं. घरी आला त्यो दारातनंच वरडत, "जाई, दोन्ही टोकाला तिवई हाय!"

नात प्रियदर्शनी कोरेगावला बारावीला. तिनं झाकण बघितलं आन म्हनली, "आजोबा, अर्जुना लिवलंय."

"परत वाच."

"अर्जुना."

"आणि एकदा."

तिसऱ्यांदा ऐकून तात्या भिताडाला टेकून खाली बसला. मग इचारलं, "आन कडंनं?"

"तो स्वातंत्र्यासाठी आन मानासाठी मेला."

तात्या हसाय लागला. हसता हसता ठसका लागला. "स्वातंत्र्य गोऱ्याचं, आन मान कुनाचा गं? ज्येला हिरीवर पोहरा टाकू देत न्हवते, त्येला मानासाठी बसऱ्याला धाडला व्हय!" मग डोळं पुसून म्हनला, "कसा का असंना, चौथा घावला."

तेच दिस लालासाहेबाचे इतिहासाचे व्हते. लालासाहेब म्हंजी माजी सरपंच, म्होरं पंचायत समितीला हुबं ऱ्हायची तयारी. त्येनं ठरवलं, दगडाशेजारी मोठा बोर्ड लावायचा, गावच्या चार हुतात्म्यांची नावं सोनेरी अक्षरात. शंभर वरसं नावं न्हवती ती चार मिटिंगात ठरणार. तात्या झाकण घिऊन मिटिंगला गेला.

लालासाहेब वयानं ल्योकासारखा, पर त्येनं तात्याला कवा तात्या म्हनलं न्हाई. "काय यल्लाप्पा, ह्ये काय आनलंयस?"

"आवं लालासाहेब, देवीच्या अंगावरचं नाव हाय. अर्जुना. चौथा आमचा."

लालासाहेबानं झाकण उलटं केलं, सुलटं केलं. "रंग तुझा, बुरूस तुझा, झाकण तुझं. आन ह्यो पुरावा? उद्या मी झाकणावर कलेक्टर लिवतो, मला बंगला मिळंल का रं?"

मिटिंग हसली. तात्या म्हनला, "मग केरबाला इचारा. त्येनं डोळ्यानं बघितलंय."

समद्यांनी केरबाकडं बघितलं. केरबानं पायाच्या अंगठ्याकडं बघितलं. "मला मोतीबिंदू हाय," त्यो म्हनला. "मला काय दिसलं न्हाई."

त्येच्या दुसऱ्याच दिवशी तबकाईवर शेंदूर चढला. दुप्पट. आन त्या दिसापास्नं किलोमीटरच्या दगडावर तात्या एकटाच बसायचा. दुसऱ्या बाजूला तमाकूची चंची नसायची. जाईबाईला त्येचं जास्ती वाटायचं. नावाचं दुखणं त्यो बोलून दाखवायचा, चंचीचं कवा बोलला न्हाई.

तर सव्वीस जानेवारी. तात्यानं दगड काळा केला. चारचा आकडा त्येनं शेवटाला ठिवला आन दोनदा गिरवला. शेजारी नवा बोर्ड भगव्या कापडात गुंडाळून हुबा. प्रियदर्शनी साळंच्या झेंड्यावनं आली. तात्यानं तिला खुणावलं. तिनं कापड वर करून चार नावं वाचली. तीन लालासाहेबाच्या भावकीत वाटलेली. चौथा लालासाहेबाचा सोताचा पणजा, सतरा साली मेला म्हनून.

"ह्यो?" तात्या म्हनला. "ह्यो सत्तावन साली आमच्या दारात यायचा की! आमाला शिवायचं न्हाई म्हनायचा, आन काटा मोडला की पाय म्होरं करायचा. माझ्या बापानं दाभणानं किती काटे काढलेत त्येचे. मेल्याला काटा कसा मोडतो गं?"

धा वाजता माणसं जमली. तालुक्याचा एक पुढारी पाव्हणा आला, फेटा बांधला, कापड वढलं, टाळ्या झाल्या. जाईबाई बायकांत मागं बसलेली. आन बघती तर तात्या दगडाशेजारी हुबा ऱ्हायलेला, हातात बुरूस.

"लालासाहेब, एक इचारू का?"

लालासाहेबानं भोंग्यातनंच सांगितलं, "शेवटाला बोलायचं."

"शेवटाला माझं व्हनार न्हाई. एवढंच सांगा, तुमचा पणजा सतरा साली मेला, मग सत्तावन साली माझ्या बापाकडनं काटा काढून घेणारा कोन व्हता?"

मागनं पप्पू, लालासाहेबाचाच डायव्हर, फिस्सकन हसला. मग पोरं हसली, मग बायका. पाव्हण्यानं बी मिशीवर हात धरला. लालासाहेब लाल झाला. "यल्ल्या, खाली बस! पिऊन आलायस का? हुतात्म्यांचा आपमान करतोस?"

तात्या उभ्या जन्मात प्याला न्हवता. त्यो दगडाला पाठ टेकून खाली बसला, बुरूस हातातच. जाईबाईला वाटलं, रुसला. बरं झालं, बसला एकदाचा.

भाषण चालू झालं. तबकाईचा आशीर्वाद, मातीचं रगत, रगताची माती. पाऊण तास. मग लालासाहेब म्हनला, "आता हुतात्म्यांसाठी दोन मिनटं शांत हुबं ऱ्हावूया." समदी उठली. भोंगा गप. सडकंवनं उसाचा टॅक्टर गेला तेवढाच आवाज. एकटा तात्या बसलेला.

लालासाहेब भोंग्यातच पुटपुटला, त्ये साऱ्या फाट्याला ऐकू गेलं, "यल्ल्या, ऊठ की रं. मेलेल्यांचा तरी मान ठेव."

तात्या उठला न्हाई.

केरबा देवळाच्या पायरीवर हुबा व्हता. मोतीबिंदूवाल्या त्या माणसाला पहिलं दिसलं. रंगाचा डबा कलंडलेला, काळा ओघळ तात्याच्या धोतरावनं पायाखाली चाललेला, आन तात्या पाय आखडून घेत न्हवता. ज्या माणसानं जन्मात थेंब सांडला न्हाई त्यो! केरबा शांततेतच वरडला, "आरं, यल्ल्या गेला!"

दोन मिनटं अजून सपली न्हवती. म्हंजी लालासाहेबानं सारं गाव तात्यासाठीच हुबं केलं व्हतं म्हनायचं. त्येला म्हाईत न्हवतं एवढंच.

डाक्टर म्हनला काळीज बंद पडलं. जिलब्या वाटायच्या ऱ्हायल्या व्हत्या, त्या नंतर साळंत वाटल्या म्हनं.

जलदान विधीला लालासाहेब पांढरे कपडे घालून आला. कधी न्हाई ते "तात्या" म्हनला. "तात्या आमचे इतिहासप्रेमी व्हते. त्येंच्या आठवणीत फाट्यावर एक शिमिटचं बाकडं बसवू."

"नाव लिवणार का त्येंचं?" जाईबाईनं इचारलं.

"लिवू की. देणगीदाराच्या खाली."

"नगं," जाईबाई म्हनली. "त्येंना उभ्या जन्मात बसायला दिलं न्हाई, आता बाकडं कशाला?"

केरबा बी आला व्हता. वस्तीच्या कोपऱ्यावर हुबा ऱ्हायला, मग दारात, मग आत आला. जाईबाईच्या हातचा चा त्येनं पहिल्यांदाच घेतला. बुद्धाच्या आन बाबासाहेबांच्या फोटुखाली खिळ्याला ते झाकण टांगलेलं. केरबा त्येच्याकडं बघत चा गार करत बसला. जाताना किलोमीटरच्या रिकाम्या दगडावर तमाकूची चंची ठिवून गेला. पानं तशीच भरलेली.

पुढल्या मंगळवारी, सकाळच्या आठाला, त्योच परत दारात. "वैनी, फाट्यावर येता का? ते झाकण आन थोडी चिच घ्या. आन काळा रंग."

जाईबाई गेली, संगं प्रियदर्शनी. देवळाच्या उंबऱ्याशी थांबली.

"आत या."

"मी यायची न्हाई, केरबाभाऊ. तवा तुमी येऊ देत न्हवता, आता मला यायचं न्हाई. काय असंल ते भाईर आना."

केरबा आत गेला आन उपरण्यात चकती घिऊन आला. शेंदूर त्येनं रातचा न्हाई, भल्या पहाटंचा न्हाई, चांगलं उजाडल्यावर दार उघडं ठिवून खरडला व्हता. नखं तांबडीभडक. जाईबाईनं चिच घासली. भांडं घासतात तशी. सिंह निघाला, बाई निघाली, चौकट निघाली. मग काडीला कापूस गुंडाळून तिनं झाकणावर बघत बघत एकेक उठावाचं अक्षर काळं केलं, आन तोंडानं म्हनत गेली, "तिवई. बसलेली बाई. गळ. नाल. मोडकी शिडी. तिवई."

"बरोबर हाय," प्रियदर्शनी म्हनली.

"मला म्हाईत हाय," जाईबाई म्हनली. "मी चाळीस वरसं साळंत व्हते."

केरबानं चकती आत न्हेऊन जाग्यावर ठिवली. तेवढ्यात फटफटीचा आवाज. लालासाहेब, मागं पप्पू, हातात नारळ. पंचायत समितीचा अर्ज भरायला कोरेगावला निघालेला, आईचा आशीर्वाद घ्यायला आला व्हता. मागं आणि पाचसात माणसं मंगळवारची.

लालासाहेब आत वाकला आन थबकला. त्यो बी.ए. झालाय. त्येचे ओठ हललेले जाईबाईला उंबऱ्याभाईरनं दिसले. साऱ्या अक्षरांना ओठ हलले.

"केरबा, ह्ये काय हाय?"

"आईनं खोळ टाकली," केरबा म्हनला. "अंगावर काय निघालं ते निघालं. मला दोन्ही डोळ्यानं दिसतंय, तुमाला दिसतंय का?"

लालासाहेबानं नारळ ह्या हातातला त्या हातात घेतला.

"मागं माणसं खोळंबलीत. नारळ फोडायचा का परत न्यायचा?"

लालासाहेबानं मागं बघितलं. मतदार व्हते. त्येनं नारळ फोडला, हात जोडले आन नेहमीसारखं आईला कपाळ टेकवलं. उठला तवा कुकवाच्या टिळ्याशेजारी ओला काळा रंग उमटलेला. बारकी तिवई.

पप्पूला दिसली, केरबाला दिसली, मागच्या पाचसात जणांना दिसली. पप्पूनं तोंडाला रुमाल लावला. लालासाहेबानं फटफटीला किक मारली आन तशाच कपाळानं कोरेगावला अर्ज भरायला गेला.